जर्मनीचे वार्तापत्र : पेसमेकर आणि कारखाना

पेसमेकर बसवलेला वेल्डर पुन्हा कामावर जाऊ शकतो का, याचा निर्णय जर्मनीत केवळ भीतीपोटी किंवा अंदाजाने घेतला जात नाही. त्याच्या कामाच्या जागी चुंबकीय क्षेत्र मोजले जाते.

पेसमेकर हृदयाचे काही मिलीव्होल्टचे संकेत टिपतो; ठोका पडला नाही, तरच स्वतः देतो. वेल्डिंगची केबल किंवा इंडक्शन भट्टी यांच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे हृदयापर्यंत गेलेल्या तारेत व्होल्टेज उत्पन्न होते. ते ठोक्यासारखे भासले, तर पेसमेकर थांबतो आणि त्याच्यावरच विसंबलेल्या माणसाची शुद्ध हरपू शकते. हृदयाची जीवघेणी लय शॉक देऊन थांबवणारे आयसीडी अशा वेळी विनाकारण शॉक देऊ शकते. जोरदार स्थिर चुंबकाजवळ मात्र पेसमेकर सहसा ठरावीक गतीने चालू लागतो आणि आयसीडीची शॉक देण्याची सोय तात्पुरती बंद पडते.

युरोपीय संघाच्या 2013च्या निर्देशाप्रमाणे अशी उपकरणे बसवलेले कामगार विशेष जोखमीचे मानले जातात. इतरांसाठीच्या मर्यादा पाळल्या, एवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. जर्मनीने त्यासाठी 2016मध्ये स्वतंत्र नियमावली केली. स्थिर चुंबकीय क्षेत्र 0.5 मिलीटेस्लाच्या वर गेले की उपाय योजावे लागतात. धोक्याच्या जागी, हृदय आणि उपकरणाच्या चित्रावर लाल काट मारलेला फलक लावतात.

तपासणीत कंपनीचा डॉक्टर, सुरक्षा अधिकारी आणि हृदयरोगतज्ज्ञ सहभागी होतात. बेरूफ्सगेनोसेनशाफ्ट ही केवळ मालकांच्या वर्गणीवर चालणारी अपघात विमा संस्था त्यांना सल्ला देते. उपकरणाचे मॉडेल, त्याची संवेदनशीलता आणि तारेचा प्रकार पाहिला जातो. एकध्रुवी तार द्विध्रुवी तारेपेक्षा बाहेरचा व्यत्यय अधिक पकडते. बरेचदा साधे उपाय पुरतात : करंट कमी ठेवणे, जाणारी आणि परतीची केबल एकत्र बांधणे, केबल खांद्यावर न घेणे, अंतर राखणे. कार्यालयातल्या संगणकापासून सहसा धोका नसतो. मोबाइल छातीपासून 15 सेंटिमीटर दूर असला की झाले.

कंपनीचा डॉक्टर गोपनीयतेने बांधलेला असतो. संमतीशिवाय तो मालकाला निदान सांगू शकत नाही. बारा महिन्यांत सहा आठवड्यांहून अधिक आजारपण झाले, तर कामावर परतण्याची योजना कामगारापुढे ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. मोजमापाअंती जुनी जागा धोक्याची ठरलीच, तर त्याच कारखान्यात दुसरे काम शोधले जाते. उपकरणाने वाचवलेल्या माणसाची रोजीरोटीही वाचावी, हाच या साऱ्या व्यवस्थेचा अर्थ आहे.