तत्त्वज्ञानाचे पहिले वर्ष



बी. ए.ला तत्त्वज्ञान घेतले असे मुलाने घरी सांगितले, की 'याचा पुढे उपयोग काय?' असा प्रश्न हटकून येतो. आमच्या मुलीने तो विषय घेतला तेव्हा आम्हीही हेच विचारले. आम्ही स्वतः कॉलेजची पायरी चढलो नाही. दहावीनंतर कारखान्यात लागलो आणि पुढची सारी वर्षे युनियनच्या कामात गेली. पण मुलीची पुस्तके घरात असत. सभेहून परतल्यावर रात्री ती आम्ही चाळू लागलो, आणि चाळता चाळता वाचू लागलो. हा अभ्यास कसा करावा, याविषयी त्यातून जे उमगले तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

पाश्चात्य तत्त्वज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचा आराखडा साधारण ठरलेला असतो. आरंभी सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल हे ग्रीक. मग देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ हे बुद्धिवादी. लॉक, बर्कली, ह्यूम हे अनुभववादी. आणि या दोन्ही पक्षांचा हिशेब घेणारा कांट. जोडीला तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र. मराठीतही ग. ना. जोशी, दि. य. देशपांडे यांच्यासारख्यांनी हा विषय नीट मांडून ठेवला आहे. तरीही पुष्कळ विद्यार्थी प्रत्येक नावापुढे एकेक मत लिहून ते पाठ करतात. त्याने परीक्षा सुटते, पण तत्त्वज्ञान हाती लागत नाही. कारण तत्त्वज्ञान मतात नसते. त्या मतापर्यंत माणूस कोणत्या कारणांनी पोहोचला, त्यात असते.

सॉक्रेटिसाचेच पाहा. ख्रिस्तपूर्व ३९९ साली अथेन्समध्ये त्याच्यावर खटला झाला. त्याचे वय तेव्हा सत्तर होते. शहराचे देव मानीत नाही आणि तरुणांना बिघडवतो, असे आरोप होते. निवाडा देणारे शेकडो सामान्य नागरिक होते, आणि निर्णय मतदानाने झाला. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस म्हणतो की, अवघी तीस मते इकडची तिकडे झाली असती तर आपण सुटलो असतो. पुढे 'क्रायटो'त त्याचा मित्र तुरुंगात येतो. पैशांची सोय आहे, पळून जा, नाहीतर लोक आम्हांला नावे ठेवतील, असे म्हणतो. सॉक्रेटिसाचे उत्तर असे की, लोक काय म्हणतील हे विचारू नकोस. पळणे न्याय्य आहे की नाही, एवढेच पाहू.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले. आमच्या कामात बहुमत हाच कायदा. हात वर होतात आणि ठराव पास होतो. तसे झालेही पाहिजे, त्यावाचून संघटना चालत नाही. पण हात वर झाल्याने निर्णय होतो. म्हणणे खरे ठरत नाही. हा भेद आम्ही पाळला नव्हता.

एका कारखान्यात आम्ही तीन वर्षांचा पगारवाढीचा करार केला होता. गेट मीटिंगमध्ये एक तरुण फिटर उभा राहिला. म्हणाला, 'या कलमाने मालकाला कंत्राटी माणसे कुठल्याही खात्यात लावता येतील. आज वाढ घ्याल, उद्या काम जाईल.' आम्ही वरून विचारले, 'तुला कोणी पाठवले रे?' लोक हसले. करार पास झाला. मुदत संपण्याआधीच दोन खाती कंत्राटदाराकडे गेली. घरी बसलेल्यांत तो फिटरही होता.

तर्कदोषांच्या प्रकरणात ही चूक आम्हांला पुढे भेटली: मुद्दा सोडून माणसावर घसरणे. बोलणारा कोण, हे कधी विचारावे आणि कधी विचारू नये, हेही तिथेच कळले. 'मी डोळ्यांनी पाहिले, माझ्यावर विश्वास ठेवा' असे कोणी म्हणाला, तर तो कोण हे पाहणे रास्त आहे. पण तो कलमाकडे बोट दाखवीत असेल, तर कलम वाचावे. आम्ही माणूस वाचला, कलम वाचले नाही.

देकार्तची गोष्ट म्हणूनच आम्हांला मोलाची वाटते. संशय घेता येईल ते सारे बाजूला सारून, ज्यावर संशयच घेता येणार नाही असे काय उरते, हे त्याने आपल्या 'मेडिटेशन्स'मध्ये शोधले. संशय घेणारा मी आहे, एवढे तरी उरतेच, असे त्याला आढळले. परंतु ग्रंथ छापण्याआधी त्याचे हस्तलिखित विद्वानांकडे फिरले, आणि १६४१ साली ग्रंथ निघाला तो आक्षेपांचे सहा संच आणि देकार्तची उत्तरे यांच्यासह. पुढल्या वर्षीच्या आवृत्तीत सातवा संच आला. आक्षेप घेणाऱ्यांत हॉब्ज, गासेंदी, आर्नो ही माणसे होती. आर्नोने विचारले: स्पष्ट दिसते ते खरे, याची हमी तुम्ही ईश्वरावर सोपवता, आणि ईश्वर आहे हे मात्र स्पष्ट दिसते म्हणून मानता. हे वर्तुळ नव्हे काय? या प्रश्नावर अभ्यासक आजही वाद घालतात. आपल्याकडे सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडण्याची जुनी रीत आहे, तिच्याच जातीचे हे काम होय.

तेव्हा विद्यार्थ्याने प्रत्येक पाठाला चार प्रश्न विचारावेत. या माणसापुढे प्रश्न कोणता होता? त्याने काय गृहीत धरले? त्यातून निष्कर्ष खरोखर निघतो काय? आणि त्यावर सर्वांत बळकट आक्षेप कोणता? सॉक्रेटिसालाही हे लागू आहे. तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर सुटका मिळाली तरी ती अट पाळणार नाही, असे न्यायसभेत सांगणारा माणूस तुरुंगातून पळणे मात्र कायद्याशी केलेला करार मोडणे मानतो. या दोहोंचा मेळ कसा बसतो? उत्तर गाईडमध्ये शोधू नये; दोन्ही संवाद वाचून स्वतः लिहावे.

हे वाचन आम्हांला उशिरा घडले. अलीकडे करार मतास टाकण्याआधी त्याच्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा आम्ही स्वतःच आधी वाचून दाखवतो, आणि मग विचारतो, आणखी कोणाचे काही आहे काय? सभा लांबते, पहिल्या पाळीचे लोक घड्याळाकडे पाहतात. एकदा तर करार आठ दिवस परत घ्यावा लागला, आणि एक कलम बदलले. मुलीने तत्त्वज्ञान घेतले तेव्हा आम्ही विचारलेल्या प्रश्नाला आमच्यापाशी एवढे उत्तर आहे.