बी-१२चा आकडा कसा वाचावा?
लेखमाला : रक्त काय सांगते? – भाग ६

मागच्या भागात आपण हिमोग्लोबिनची चाचणी पाहिली. या आठवड्यात बी-१२. पूर्णा-परभणी लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावातही हे नाव आता नवे राहिलेले नाही. हातापायांना मुंग्या येतात, तळपायांची आग होते, थोड्या कामाने गळून जायला होते, अशी तक्रार घेऊन माणूस परभणीच्या दवाखान्यात गेला की डॉक्टर बी-१२ची चाचणी लिहून देतात. मग मोबाइलवर रिपोर्ट येतो : १८५, २४०, ३१०. आकडा ठळक छापला असेल तर कमी, नसेल तर ठीक, एवढ्यावर बहुतेकांचे वाचन संपते. पण हा आकडा कसा काढला जातो ते कळले, तर त्यावर किती विसंबायचे हेही कळते.

मोजायची वस्तू किती सूक्ष्म आहे ते आधी पाहू. रिपोर्टवर २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर असे लिहिलेले असते. म्हणजे लिटरभर सीरममध्ये एका ग्रॅमचा पन्नास लाखावा भाग. तराजूला किंवा साध्या रसायनाला हे सापडणारे नाही. अमेरिकेत मेरी शॉर्ब यांनी त्यासाठी जिवाणूला कामाला लावले. बी-१२ मिळाले तरच वाढणारा एक लॅक्टोबॅसिलस त्यांनी वापरात आणला आणि त्याच्याच आधाराने १९४८ मध्ये यकृताच्या अर्कातून या जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक वेगळे करता आले. चाचणी आधी आली, जीवनसत्त्व मागाहून हाती लागले.

हीच पद्धत सुधारून पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या मधुमेह संशोधन विभागाने वापरली. तिथला जिवाणू लॅक्टोबॅसिलस लाइशमनी, आपल्या दह्यातल्या जिवाणूचा जवळचा भाऊबंद. ९६ लहान खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलीत त्याचे खाद्य भरतात; त्यात बी-१२ सोडून सगळे असते. त्यात रुग्णाच्या सीरमचा अर्क आणि जिवाणू घालून ताटली ३७ अंशांवर दीड-दोन दिवस ठेवतात. ज्या खळग्यात बी-१२ जास्त, तिथे जिवाणू जास्त वाढतात आणि द्रव अधिक गढूळ होतो. तो गढूळपणा यंत्राने मोजायचा आणि माहीत असलेल्या प्रमाणांशी ताडून पाहायचा. मोठ्या खासगी प्रयोगशाळांत मात्र स्वयंचलित यंत्र असते. तिथे रक्तातले बी-१२ आणि खुणेचे बी-१२ एकाच प्रथिनाला चिकटण्यासाठी झगडतात आणि यंत्र त्यातून उमटणारा प्रकाश मोजते. पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो.

अडचण आणखी खोल आहे. रक्तातल्या एकूण बी-१२पैकी जेमतेम पाचवा हिस्सा पेशींपर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनावर असतो. एकूण आकडा बरा दिसत असतानाही पेशी उपाशी असू शकतात. पेशींना बी-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल साचू लागते. पुण्यातल्या २०४ जणांच्या रक्ताचा याज्ञिकांच्या विभागाने नॉर्वेच्या संशोधक हेल्गा रेफसम यांच्याबरोबर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या चाचणीत ४७ टक्के लोकांचे बी-१२ कमी निघाले. साचलेले होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल मोजले तेव्हा सुमारे ७५ टक्के लोकांत कमतरतेची खूण सापडली. माणसे तीच होती. एकाच चाचणीवर थांबले असते, तर चारातला एकजण नजरेतून निसटला असता.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचे रक्त १९९३ पासून जपून ठेवले होते. त्यात पुढे बी-१२ मोजले, तेव्हा तीनपैकी दोन मातांत ते कमी होते. फॉलेट (फॉलिक आम्ल) मात्र साऱ्या गटात एकीचेच कमी होते. ज्या मातांचे बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सर्वाधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला. याचा अर्थ गरोदरपणातल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या सोडायच्या असा मुळीच नाही. बी-१२कडेही तितकेच लक्ष द्यायला हवे, एवढाच त्याचा अर्थ.

पिंगळीच्या ताटाला हे थेट लागू पडते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी यांत बी-१२ नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये दिलेल्या ‘परभणी शक्ती’ ज्वारीत लोह आणि जस्त जास्त आहे, पण बी-१२ कोणत्याच धान्यात तयार होत नाही. ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून येते. गळ्यात माळ असलेल्यांनी ती उतरवायची गरज नाही. रोज पुरेसे दूध-दही घ्यावे आणि डॉक्टर सांगतील तर गोळी घ्यावी. गरज असते रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची.

आता रिपोर्ट हातात घेऊ. आधी एकक पाहा : २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे १५० पिकोमोल प्रति लिटर, त्यामुळे दोन रिपोर्टांतले नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. पद्धतीचे नाव पाहा आणि फेरतपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. बी-१२चे इंजेक्शन किंवा गोळी घेतली असेल तर रक्त देण्याआधी सांगा. आकडा लगेच वर जातो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर तेही सांगा, कारण त्याने बी-१२ घटू शकते. केसांसाठीच्या गोळ्यांतले बायोटिन काही यंत्रांना चकवते आणि बी-१२ खोटेच जास्त दाखवते. आकडा २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या मधे असेल आणि मुंग्या येतच असतील, तर होमोसिस्टीनची चाचणी करावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बी-१२ भरून काढणे स्वस्त आहे. मज्जातंतूंची झीज फार पुढे गेली तर मात्र ती पुरती भरून येत नाही. काठावरच्या आकड्यावर ‘नॉर्मल आहे’ म्हणून कागद घडी घालून ठेवू नका, ते महागात पडू शकते.

(पुढील भागात : ड जीवनसत्त्वाची चाचणी)