बासष्टचा बोअर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपमध्ये भरतीची ट्रायल सुरू होतेय. शेजारच्या फाउंड्रीतून आलेली कास्टिंगं ट्रॉलीत रचून ठेवलीत. सीएनसी लेथच्या बंद दाराआड बिडाची काळी भुकटी उडतेय. ऑपरेटर नाहीत म्हणून दुसऱ्या पाळीत इथली काही मशिनं बंद राहतात. आणि समोर फाइल छातीशी धरून पाच मुलं आणि एक मुलगी कामाच्या आशेनं उभी आहेत. सगळी आयटीआय झालेली, बहुतेक टर्नर ट्रेडची.

फाइल कुणी मागत नाही. शॉपचे मेस्त्री टेबलावर एक बेअरिंग हाउसिंग ठेवतात आणि शेजारी त्याचं ड्रॉइंग पसरतात. "बोअर मोजा आणि सांगा, पास का फेल." ड्रॉइंगवर माप आहे : 62 एच7.

"एच7 म्हणजे?"

राधानगरीकडचा मुलगा लगेच सांगतो, "होलचा टॉलरन्स, सर."

"किती?"

तो गप्प होतो. मेस्त्री भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवतात : 62.000 ते 62.030 मिमी. या बोअरमध्ये 6206 नंबरचं बेअरिंग बसणार आहे, त्याचा बाहेरचा व्यास 62. बोअर लहान झाला तर बेअरिंग आत जाणार नाही, मोठा झाला तर सैल पडेल.

मुलगा व्हर्नियर उचलतो. पहिलं माप 61.98 येतं, पुन्हा घेतल्यावर 61.94. "यातलं खरं कुठलं, बाळा?" मेस्त्री विचारतात. त्यांच्या आवाजात राग नाही. व्हर्नियरवर 0.02 पेक्षा बारीक वाचता येत नाही आणि इथं सगळी सूटच 0.03 ची आहे. मेस्त्री डायल बोअर गेज त्याच्या हातात देतात. मुलगा ते उलटसुलट करून बघतो आणि खरं सांगतो, "पुस्तकात बघितलंय, सर. हातात पहिल्यांदाच घेतोय."

मेस्त्री त्याच्या शेजारी उभे राहतात. आधी मायक्रोमीटर 62 वर लावून त्यात गेज शून्याला आणायचं, मग ते बोअरमध्ये घालून हळूच पुढंमागं डोलवायचं, सुई जिथून उलटी फिरते ते खरं माप. मुलाचा हात थरथरतो, सुई नाचते. पण थोड्याच वेळात तो तीनदा मोजतो आणि तिन्ही वेळा 61.96 सांगतो. पोराच्या चेहऱ्यावर आता उजेड आहे.

"61.96 आलंय. आता मशीनवर काय करशील?"

हातकणंगल्याचा एक मुलगा काही महिने हेल्पर होता. तो म्हणतो, "टूलच्या ऑफसेटला एक्समध्ये 0.04 वाढवायचं." हिशेब बरोबर आहे, बोअर नेमका 62.000 होईल. पण मेस्त्री मान हलवतात. टूलचा कापणारा इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. आज काठावर ठेवलेलं माप काही पिसांनंतर काठाखाली जाणार. म्हणून 0.055 टाकायचं आणि 62.015 वर, म्हणजे सुटीच्या मधोमध, राहायचं.

ऑफसेट टाकला जातो, कट होतो, दार सरकतं. मुलं गेज घेऊन पुढं होतात. मुलगी आधी पिसावर हात ठेवते. "गरम आहे, सर. निवल्यावर मोजायचं का?"

मेस्त्री बाजूला उभ्या असलेल्या शॉपच्या मालकांकडे बघतात. पीस वीस अंशांनी जास्त गरम असला तर बिडातला 62 चा बोअर 13-14 मायक्रॉननं मोठा दिसतो. म्हणजे जवळजवळ निम्मी सूट त्यातच गेली. हे कुठं शिकलीस, असं विचारल्यावर ती सांगते, वडील गावात पंप दुरुस्त करतात, सुट्टीत ती त्यांच्या हाताखाली असते.

मालक मोकळेपणानं बोलतात. "पोरं चांगली आहेत. पण मला आजच मशीन चालवणारा पाहिजे. पीस बिघडला की कास्टिंगही जातं आणि मशीनचा वेळही जातो." त्यांची अडचण खरी आहे. मुलांचीही खरी आहे. त्यांच्यातला एक सांगतो, संस्थेत सीएनसी एकच होतं, पाळी आली की बटण दाबायचं आणि मागं सरायचं.

"मालक, मी तरी कुठं शिकून आलतो?" मेस्त्री म्हणतात. "तुमच्या वडिलांनी लेथवर उभं केलं म्हणून शिकलो."

मालक थोडा वेळ बोलत नाहीत. मग तिघांना शिकाऊ म्हणून घ्यायचं ठरवतात आणि त्यांतल्या मुलीला गावची एसटी मिळावी म्हणून पहिली पाळी देतात. तिघांना रोज दोन तास मेस्त्रींच्या देखरेखीखाली मशीन मिळणार आहे.

हे सारं बघताना मला वाटतं, प्रमाणपत्र आणि कारखाना यांच्यामधलं अंतर मशीनवर मिळालेल्या तासांचं आहे. ते तास द्यायचं काम एकट्या आयटीआयचं नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर कामावरच शिकलेल्या मेस्त्रींच्या हातांनी उभं राहिलं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घेणं त्यात बंधनकारक आहे आणि चार माणसांच्या वर्कशॉपलाही ते घेता येतात. 2016 च्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं.

म्हणून कारखानदारांना कळकळीची विनंती आहे. 'पोरांना काही येत नाही' असं म्हणण्याआधी दोन शिकाऊ घ्या. त्यांना झाडू-पोछ्यात आणि माल उचलण्यात अडकवू नका. चांगला मेस्त्री शेजारी द्या, गेज हातात द्या आणि पहिले काही पीस बिघडतील हा खर्च आधीच धरून चाला. तुम्हाला हवा असलेला ऑपरेटर तुमच्याच शॉपमध्ये तयार होईल.