प्रवासी मोटारसायकलचे चाक बदलण्यापूर्वी...

लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी मोटारसायकल आपल्या सोयीनुसार घडवून घेण्याची हौस महाराष्ट्रात चांगलीच रुजली आहे. पुण्या-मुंबईहून निघून थेट लेह-लडाख गाठणाऱ्या दुचाकीस्वारांचे आता कोणाला नवल वाटत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवणारी उंच काच, जादा दिवे, रुंद आसन असे बदल झाले की पुढची पाळी हमखास येते ती चाकांची. तारांची जुनी चाके उतरवून त्याजागी अॅलॉयची चाके चढवली की गाडीचे रूपच पालटते, हे खरे. परंतु पेटी बदलणे आणि चाक बदलणे या दोहोंत मोठा फरक आहे. पेटी निखळली तर सामान सांडते. चाकाने दगा दिला तर स्वाराच्या आणि त्याच्यामागे बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. त्यामुळे चाक निवडताना ते कोणत्या रस्त्यावर धावणार, किती ओझे वाहणार आणि निकामी झालेच तर नेमके काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी शोधावयास हवीत.

<b>तारांच्या चाकाचे बळ</b>

बैलगाडीच्या चाकातील लाकडी आरे दाब सोसून भार पेलतात. मोटारसायकलच्या चाकातील बारीक पोलादी तारांना, म्हणजे स्पोकना, असा दाब सोसवत नाही, त्या वाकतील. म्हणून त्या मुळातच ताणून बसवलेल्या असतात. सगळ्या तारा रिमला मध्यभागी असलेल्या हबकडे सारख्याच ओढीने खेचत राहतात आणि या ताणातून चाकाला ताठपणा येतो. ताणलेल्या तारांच्या चाकाची ही कल्पना ब्रिटिश संशोधक जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली होती. आपल्या उडत्या यंत्रासाठी त्यांना हलके चाक हवे होते.

या रचनेचा मोठा गुण म्हणजे लवचीकपणा. चाक खड्ड्यात आदळले तर धक्का अनेक तारांत वाटला जातो. रिम वाकते, एखाददुसरी तार तुटते, पण चाक एकाएकी फुटत नाही. शिवाय वाकलेल्या चाकाचा ‘आउट’ काढण्याचे काम आडगावातील मेकॅनिकही करू शकतो. उणीव एकच, पण ती मोठी आहे. तारांची टोके धरणारी निपल्स रिमला भोके पाडून बसवलेली असतात. त्या भोकांतून हवा निसटू नये म्हणून टायरच्या आत ट्यूब घालावी लागते. ट्यूबला खिळा लागला की ती फाटून हवा झपाट्याने बाहेर पडू शकते. पुढच्या चाकाबाबत आणि तेही वेगात असताना हे घडले, तर गाडी सावरणे कठीण होते. त्यातच पंक्चर काढण्यासाठी सामानाने लादलेल्या गाडीचे चाक रस्त्याच्या कडेला उतरवण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागतो, तो वेगळाच.

<b>अॅलॉय : सोय आणि धोका</b>

अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक साधारणतः एकसंध ओतलेले असते. त्याच्या रिमला तारांची भोके नसल्याने ट्यूबविना टायर बसवता येतो. टायरची कड जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी अशा रिमच्या आतल्या बाजूस बारीक उंचवटा असतो. खिळा टोचला तरी हवा बहुधा हळूहळू उतरते आणि स्वाराला गाडी बाजूला घेण्यास उसंत मिळते. चिकट रबरी पट्टी बाहेरूनच भोकात खुपसून पंधरा-वीस मिनिटांत पुढचा प्रवास सुरू करता येतो. महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशासाठी हा लाभ लहान नाही.

मात्र हेच चाक खोल खड्ड्याच्या धारदार कडेवर जोरात आदळले, तर त्याची कड चेपते किंवा त्याला तडा जातो, आणि तडा गेला की हवा टिकत नाही. असा तडा वेल्डिंग करून बुजवून घेणारे अनेक जण आहेत. परंतु या धातूला बळकटी येते ती कारखान्यातील उष्णता-प्रक्रियेमुळे. वेल्डिंगच्या प्रखर उष्णतेने जोडाभोवतीचे ते बळ नाहीसे होते. वरून रंग दिल्यावर चाक नवे दिसते, पण त्याची ताकद परतलेली नसते. तडा गेलेले चाक बदलणे हाच त्यावर खरा उपाय आहे. केलाँग ओलांडून लेहच्या वाटेला लागल्यावर ते मिळणार कोठून, हा विचार निघण्यापूर्वी करावयाचा असतो.

<b>मधला मार्ग</b>

या दोन्हींचे गुण एकत्र आणणारी रचनाही उपलब्ध आहे. तारांची टोके रिमच्या हवाबंद भागाबाहेर, तिच्या कडांना बसवली की तारांचे चाकही ट्यूबविना चालते. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आपल्या जीएस मालिकेतील प्रवासी गाड्यांवर अशी चाके दिली. भारतात रॉयल एन्फिल्डने २०१८ मध्ये थंडरबर्ड एक्स या गाडीला कारखान्यातूनच अॅलॉय चाके व ट्यूबलेस टायर दिले, २०२३ मध्ये इंटरसेप्टर ६५० च्या काही प्रकारांना ती सोय मिळाली, तर हिमालयन ४५० साठी ट्यूबलेस टायर चालणारी तारांची चाके २०२४ मध्ये येथे उपलब्ध झाली. ही चाके महाग पडतात, पण खडबडीत आणि गुळगुळीत अशा दोन्ही रस्त्यांवर भटकणाऱ्यांना ती सर्वाधिक सोयीची ठरतात.

साध्या तारांच्या रिममधील भोके डिंकासारख्या रसायनाने किंवा चिकटपट्टीने बुजवून तीच ‘ट्यूबलेस’ करण्याचा घरगुती प्रकार मात्र टाळलेला बरा. टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा अशा अनेक रिममध्ये नसतो आणि तारा पुन्हा कसताना बुजवलेली भोके उघडी पडू शकतात.

<b>वजनाचा आणि मापाचा हिशेब</b>

चाकाचे वजन हे गाडीच्या इतर वजनासारखे नसते. ते स्प्रिंगच्या खाली असते. चाक जितके जड, तितके ते खाचखळग्यांवरून उसळल्यावर पुन्हा रस्त्याला टेकण्यास वेळ घेते, आणि रस्ता सुटलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. शिवाय चाक पुढे सरकते तसेच फिरतेही. त्यामुळे रिमच्या घेरावर वाढलेला एक किलो गाडीचा वेग वाढवताना जवळपास दोन किलोंइतका जाणवतो. अॅलॉय म्हणजे हलके, ही समजूतही सरसकट खरी नाही. स्वस्त, जाडजूड ओतीव चाक तारांच्या चाकापेक्षा जड असू शकते. खरेदीपूर्वी दोन्ही चाके काट्यावर ठेवून पाहावीत.

मापाची गोष्ट उदाहरणाने स्पष्ट होईल. १२०/८०-१८ या टायरची रुंदी १२० मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे ९६ मिलिमीटर आणि रिमचा व्यास १८ इंच, म्हणजे ४५७ मिलिमीटर. एकूण व्यास सुमारे ६४९ मिलिमीटर झाला. त्याजागी १३०/७०-१७ हा रुंद आणि दिसायला दणकट टायर बसवला, तर व्यास सुमारे ६१४ मिलिमीटर भरतो. म्हणजे चाकाचा मध्य जवळपास १८ मिलिमीटर खाली येतो. गाडीचा मागचा भाग तेवढा बसतो, गतिरोधकावर गाडीचे पोट घासू लागते आणि तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जवळपास पावणेसहा टक्के अधिक फेरे घ्यावे लागतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. ही यंत्रणा चाकाच्या फिरण्याच्या गतीवरून ते घसरते आहे काय, हे ओळखते. मूळ मापात मोठा फरक पडला किंवा नव्या हबवर गती मोजणारे कडे नीट बसले नाही, तर हा हिशेब चुकतो.

टायरच्या बाजूवर मापानंतर येणारा आकडा ओझ्याचा असतो. ५७ म्हणजे २३० किलो, तर ६६ म्हणजे ३०० किलो. १९५ किलोची गाडी, दोन माणसे आणि ३० किलो सामान असा संसार निघाला, की एकट्या मागच्या चाकावर सव्वादोनशे किलोंहून अधिक भार सहज येतो. मग ५७ आकड्याच्या टायरला मोकळीक अशी उरतच नाही.

<b>कायदा काय सांगतो?</b>

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणून उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेले चाक आणि टायर घेणे हे सर्वांत सुरक्षित. बदल करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवावे; अपघातानंतर वाद नको.

<b>निघण्यापूर्वी</b>

नवी चाके बसवून लगेच दूरच्या प्रवासाला निघू नये. चार-पाचशे किलोमीटर जवळपासच फिरून मग तारांचा ताण, चाकाचा आउट, बेअरिंग, आसाचे नट आणि ब्रेकच्या डिस्कचे बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. तारांवर लहान पान्याने हलकेच टकटक केल्यास कसलेली तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द आवाज करते. टायरवर कोरलेले चार आकडे त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हवा नेहमी टायर थंड असताना आणि दोघांच्या भारासाठी पुस्तिकेत दिलेल्या दाबानुसार भरावी.

बहुतांश प्रवास महामार्गाने होणार असेल, तर उत्पादकाने मान्य केलेले अॅलॉय चाक उत्तम. वाट दगडधोंड्यांची असेल, तर तारांचे चाक बरे, आणि ऐपत असेल तर तारांचे ट्यूबलेस. मूळ चाके सुस्थितीत असतील आणि पैसे मोजकेच असतील, तर चांगल्या प्रतीचे नवे टायर व नव्या ट्यूब घालून, तारा नीट कसून घेणे हीदेखील सुधारणाच आहे. दिसण्यात ती उठून दिसणार नाही. पण मुक्कामाला सुखरूप पोहोचवणारे चाक तेच खरे चांगले चाक.