शिल्पाची किंमत कशी ठरते?

नोएडात शिल्पाचा विषय निघाला की राम सुतारांचं नाव येतंच. धुळ्याकडच्या गोंदूरचे, जे.जे.चे विद्यार्थी, स्टुडिओ मात्र इथे.

परवा सोसायटीतल्या काकूंनी गांधीजींचा अर्धपुतळा दाखवला. "सुतारांचाच आहे रे, किती येतील?"

मी आधी तो उलटा केला. आतून काचतंतूंचं जाळं दिसलं. म्हणजे फायबरग्लास, वरून ब्राँझचा रंग. काकू जरा हिरमुसल्या.

अस्सल ब्राँझ असलं तरी भाव वजनावर ठरत नाही. सही, आवृत्तीचा क्रमांक (३/९ म्हणजे नऊपैकी तिसरी प्रत), ओतकाम शिल्पकाराच्या हयातीतलं की नंतरचं, हे बघतात. आणि खरेदीची पावती! सुतारांचे गांधी देशोदेशी गेलेत, त्यामुळे नुसतं 'त्यांच्यासारखं दिसतं' याला बाजारात अर्थ नाही.

मूल्यांकन कशासाठी हवंय ते आधी सांगा. विम्याचा आकडा सहसा विक्रीच्या आकड्यापेक्षा जास्त असतो. किमतीच्या टक्केवारीवर फी मागणारा किंवा लगेच 'मीच घेतो' म्हणणारा मूल्यांकक मी तरी टाळतो.

घरातलं फर्निचर विकून झालेल्या नफ्यावर कर नाही, पण शिल्पावर भांडवली नफ्याचा कर लागू होतो. शंभर वर्षांहून जुनं शिल्प असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा बघा. ते परदेशी नेता येत नाही.

आणि कृपा करून चिंच-मीठ लावून घासू नका! ब्राँझवरची छटा गेली की किंमतही उतरते.

काही विचारायचं असेल तर तळाचा आणि सहीचा फोटो टाका.