व्यावसायिक जागांचा सल्लागार : गाळ्याआधी कागद तपासणारा

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत गाळे दाखवणारे पुष्कळ भेटतात; पण त्या गाळ्याचा नेमका कोणता हक्क पदरात पडणार, हे सांगणारा विरळाच. व्यावसायिक जागांच्या सल्लागाराची कारकीर्द घडते ती याच प्रश्नाच्या उत्तरावर.

१९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ उद्योजकाला भूखंड सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. त्यामुळे अशा भूखंडाची 'विक्री' म्हणजे प्रत्यक्षात उरलेल्या मुदतीच्या हक्काचे हस्तांतरण होय. त्यासाठी महामंडळाची परवानगी लागते व शुल्क भरावे लागते. पोटभाडेकरू ठेवायचा किंवा कारखान्याच्या जागी शोरूम थाटायचे, तरी महामंडळाची संमती हवीच. हे न पाहता बयाणा मोजणाऱ्या लघुउद्योजकाची पुंजी अडकून पडते. म्हणूनच मूळ करार, मंजूर नकाशा, बँकेचा बोजा आणि थकबाकी तपासणे हे सल्लागाराचे पहिले काम ठरते.

भाड्याच्या व्यवहारातही कायद्याची जाण आवश्यक असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर असते. असा करार नसल्यास, विरुद्ध पुरावा नसेल तर, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडेकरू कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल एक कोटी रुपये वा अधिक असेल, तर तिला या कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

या व्यवसायासाठी ठरावीक पदवीची अट नाही. मात्र, 'रेरा' कायद्यानुसार २०१७ पासून नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी मध्यस्थाला नोंदणी बंधनकारक झाली. महारेराने २०२३ मध्ये मध्यस्थांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षेची अटही घातली. विनानोंदणी काम केल्यास दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो.

जुन्या गाळ्यांची फेरविक्री आणि भाड्याचे व्यवहार मात्र प्रामुख्याने या चौकटीबाहेर राहतात. तेथे ग्राहकाची भिस्त सल्लागाराच्या सचोटीवरच असते. दलाली मिळते ती व्यवहार झाल्यावर. 'ही जागा घेऊ नका' असे सांगणाऱ्याच्या हाती त्या दिवशी काहीच पडत नाही. परंतु, उद्योजकांच्या वर्तुळात एकमेकांच्या शब्दावर कामे मिळतात. त्यामुळे बुडालेली ती दलालीच पुढच्या कारकिर्दीचे भांडवल ठरते.