मोर्तब आणि तोतया

सायमन वेकर्ट या बर्लिनच्या कलावंताने ९९ जुने स्मार्टफोन एका तांबड्या हातगाडीत घालून ती मोकळ्या रस्त्यावरून सावकाश ओढीत नेली, तेव्हा गूगल मॅप्सच्या नकाशावर तो रस्ता वाहनांनी तुंबल्याप्रमाणे लाल झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मला सर्वांत विचारणीय वाटते ते हे, की त्या फोनांपैकी एकही खोटे बोलत नव्हता.

वाहनांनी आपली जागा, वेग आणि ब्रेकची स्थिती सेकंदाला सुमारे १० वेळा रेडिओने भोवतालच्या वाहनांस कळवावी, या योजनेचे पुरस्कर्ते प्रत्येक संदेशावर इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी असते एवढ्यावर निःशंक होतात. शिवकालीन पत्राच्या अखेरीस मर्यादामुद्रा उमटली, की तिच्याखाली कोणास अक्षर वाढविता येत नसे; स्वाक्षरीचे कार्य तेच. परंतु मजकूर बदललेला नाही एवढीच ग्वाही मोर्तब देते, मजकूर खरा आहे ही नव्हे.

पानिपतानंतर भाऊसाहेबांचा एक तोतया उभा राहिला, तर पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. इथे एकच तोतया शंभर गाड्यांची सोंगे घेऊ शकतो. या कपटाला 'सिबिल' हे नाव रूढ करणाऱ्या जॉन डूसर यांनी २००२ मध्ये दाखविले, की शिक्के देणारे मध्यवर्ती दफ्तर नसेल, तर व्यवहारात ते रोखता येत नाही. पण दफ्तराने गाडीला एकच कायमचा शिक्का दिला, तर तिच्या धन्याचा माग कोणीही काढील! म्हणून अमेरिकेत आखलेल्या रचनेत गाडीला आठवड्याला साधारणतः २० टोपणनावे मिळतात. म्हणजे गोपनीयतेच्या औषधातच तोतयेगिरीचे थोडे विष आले.

त्यावरचा उतारा मला फार मोहक वाटतो. ही नावे एकत्र ओवणारा धागा दोन स्वतंत्र कचेऱ्यांत वाटलेला असतो, त्यामुळे एकीची नियत फिरली तरी तिला कोणती नावे एका गाडीची हे उमगत नाही. जिथे शेजाऱ्यांच्या रडारला काहीच दिसत नाही, तिथे आपण उभे आहोत असे एखादी गाडी वारंवार सांगू लागली आणि तिची लबाडी शाबीत झाली, की दोन्ही कचेऱ्यांकडून तिची गणिती बीजे मागवून बहिष्कृतांच्या यादीत जाहीर करतात, आणि त्यांवरून पुढच्या प्रत्येक आठवड्यातील तिची टोपणनावे कोणत्याही गाडीला ओळखता येतात. हे गणित उलट दिशेने चालत नाही. त्यामुळे लबाड ठरलेल्या गाडीचाही त्या आठवड्यापूर्वीचा प्रवास, ती कोणाच्या दारी थांबली आणि कोणत्या इस्पितळात गेली यांसह, झाकलेलाच राहतो.